जारचं पाणी

ती खुर्चीत बसायच्या आधीच
मला दोन शिंका आल्या.
पथारीवर कामाला आहेस का, विचारलं.
नाही म्हणाली, मोबाइलच्या दुकानात, काउंटरला.
पण स्कूटी रोज पथाऱ्यांमधून येते,
आणि फेब्रुवारीत नंदुरबारच्या मिरचीला
कुणाचंही डोकं चालतं.

रमिला वळवी. वय सव्वीस.
केराटिन करायचंय म्हणाली, केस मेलेत माझे.

मी एक बट घेतली,
दोन नखांच्या चिमटीत धरून
मुळापासून खाली ओढत आणली.
नखात पांढरं आलं,
मेणबत्तीच्या ओघळासारखं मऊ.
हे काय?
हे सीरम, म्हटलं. हे त्याच्यावरचं सीरम.
हा भावाच्या हळदीचा स्प्रे,
ही ती पावडर, जी न धुता
धुतल्यासारखं दाखवते,
आणि सगळ्यांना धरून बसलेला
आपल्या बोअरचा क्षार.
केस कुठं मेलेत,
ते आत आहेत.

माझे वडील, धुडकू ईशी,
बाजारात पोत्यावर बसायचे.
वस्तरा, कात्री, तुरटी, पितळी वाटी.
त्यांच्या पेटीत
लावायचं असं काहीच नव्हतं,
सगळं काढायचंच.
माझ्या मांडणीवर एकतीस बाटल्या आहेत.
काढायची त्यातली एक,
तीही मागच्या रांगेत.

पहिल्या वेळी फेस आलाच नाही.
शाम्पू डोक्यावर तसाच बसून राहिला,
पाणीसुद्धा न विचारलेल्या पाहुण्यासारखा.
दुसऱ्या वेळी आला, राखेच्या रंगाचा.
आणि मग तिखट सुटलं.
बेसिनमधून असा ठसका उठला
की बाहेर बाकावर बसलेली माझी आई ओरडली,
"काय तयी ऱ्हायनी वं?"
रमिला हसली.
डोळे मिट, म्हटलं. हसू नंतर.

तिसऱ्या वेळी बोटांना केस लागले.
म्हणजे एकेक लागला,
निसटला, पुन्हा लागला.

शेवटचं पाणी बोअरचं घेत नाही.
तीस रुपयांचा जार,
त्यात खालच्या चायनीजच्या गाडीवरून आणलेलं
झाकणभर व्हिनेगर.
पिण्याचं पाणी डोक्यावर ओतताना
अजून हात अडखळतो.
म्हणून मोजून ओतते, पाच मग,
आणि पाचव्याला
आईकडे बघत नाही.

केस वाळायला लागले
तसे वळायला लागले.
आधी कानामागचे, मग कपाळावरचे,
मग सगळेच, कुणी हाक मारल्यासारखे.
काय घातलं तुम्ही?
घातलं काही नाही, काढलं तेवढं.

ती आरशात बघत राहिली.
आमच्या आत्याचे असे होते, म्हणाली.
पंखा फिरत होता.
मग म्हणाली, माझेच होते. सातवीपर्यंत.
आश्रमशाळेत मुली त्यात
पेन्सिली खोचून ठेवायच्या,
मला कळायचंच नाही.
एकदा पाच निघाल्या.

मी टॉवेल झटकला.

सरळ करून द्या, म्हणाली.
उद्या दुकानात कंपनीचे साहेब येणार.

मी मशीन लावलं. धंदा आहे.
पुढचे केले, बाजूचे केले.
मानेजवळची एक बट
हाताला सापडलीच नाही
असं धरून चालले.
मागचं बघायला तिनं छोटा आरसा घेतला,
बट बघितली,
आरसा परत दिला.

दोनशे ऐंशी झाले.
केराटिनचे चार हजार तिचे वाचले.
बुडाले कुणाचे, ते सांगायला नको.

ती गेल्यावर बेसिनची जाळी उचलली.
खाली तांबडं-पांढरं काहीतरी,
खिरीवरच्या सायीसारखं.
बोटानं काढलं, कागदात गुंडाळलं,
आणि तेच बोट सवयीनं
स्वतःच्या डोक्यात घातलं.
नख बाहेर काढून उजेडात धरलं.

जारमध्ये तळाला अजून होतं.
आई, दार लोट जरा, म्हटलं.
तिनं लोटलं, आतून.
आंबाडा सोडत म्हणाली,
"माले बी ऱ्हाऊ दे थोडं."